माझ्यावर बसून ऐकणारा कियाप

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे, आणि हे सांगत असताना माझ्या झाकणावर एक कोंबडी बसली आहे. तिला हाकलू नका. ती रोज याच वेळी येते, ऊन खाते आणि आपणहून निघून जाते. माझा हिरवा रंग आता कडेकोपऱ्यांतच उरला आहे, एक कडी गेली आहे, आणि तळाला गंजाने जी नक्षी काढली आहे तिच्यातून उजेड दिसतो. पण माझी काही तक्रार नाही. न्यू गिनीच्या डोंगरांत, आमच्या ओरुवा खोऱ्यात, माझ्याइतके सुख फार थोड्या पेट्यांच्या वाट्याला आले असेल.

समोर अंगणात दोन म्हातारे भांडत आहेत, ते तेवढे ऐका.

"अहो दाजी, ते डुक्कर माझंच आहे. कान बघा त्याचा, कान!"

"कान बघून तुला काय कळणार, मेव्हण्या? तुझ्या स्वतःच्या कानांना ऐकू येईना झालंय."

"ऐकू येत नाही ते बरंच आहे. नाहीतर तुमचं घोरणं रानाच्या पलीकडूनही ऐकावं लागलं असतं."

पहिला तो कारिको, मेंगा कुळातला. दुसरा नोपा, तोकुल कुळातला. कारिकोची धाकटी बहीण आमेने ही नोपाची बायको, आणि हे अंगण तिचे. हे दोघे पांढऱ्या दाढ्या हलवत रोज असे भांडतात आणि मला ते ऐकून फार बरे वाटते. कारण एका सकाळी हे दोघे एकमेकांवर बाण रोखून उभे होते. ते म्हातारे झाले, भांडायला उरले, यात माझाही थोडा हात आहे. म्हणजे हात नाही, झाकण आहे. तीच माझी गोष्ट.

माझा जन्म समुद्रकाठच्या एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. माझ्या बाजूंना कड्या लावल्या, पाऊस आत शिरू नये म्हणून झाकणाला रबराची पट्टी बसवली आणि वर हिरवा रंग दिला. कड्यांतून एक लांब दांडा घालायचा, पुढे एक माणूस, मागे एक माणूस, की निघाली माझी पालखी. माझ्यासारख्या पेट्या कियापांसाठी बनत. कियाप म्हणजे परक्या सरकारचा फिरता साहेब. डोंगरामागून डोंगर पायी तुडवायचे, गावागावात माणसांची मोजदाद करायची, तंटे मिटवायचे, लोकांकडून रस्ते खणून घ्यायचे, ऐकले नाही त्याला कोठडीत टाकायचे. पोलीसही तोच, न्यायाधीशही तोच, आणि कुणाचा पाय कुजला तर औषध लावायला बसणाराही तोच.

माझ्या नशिबी जो कियाप आला त्याचे नाव टॅगर्ट. ऑस्ट्रेलियातून नुकताच आलेला, काडीसारखे पाय, आणि मोजे कधी वर राहायचे नाहीत. आमच्या खोऱ्यात कियापालाही अरे-तुरेच करतात, म्हणून मीही त्याला तसेच म्हणणार आहे. त्याने राग मानला नसता.

माझ्या पोटात त्याचा तांदूळ, मीठ, चहाचा डबा, काडेपेट्या आणि दुमडलेला झेंडा असे. मला उचलायला पुढे कारिको होता. तो तेव्हा ऐन उमेदीत होता. खांदा असा की त्यावर दांडा ठेवला की जागेवरून हलणार नाही. चढ आला की तो मला शिव्या द्यायचा.

"ही बाई दिवसेंदिवस जड होत चाललीय! काय खाते कोण जाणे."

"तांदूळ खाते," मागून पेइमा म्हणायचा. पेइमा हा दुभाषा. त्याला खोऱ्यातली बोलीही यायची आणि साहेबाचीही. त्याच्या हातात फक्त छत्री असायची, म्हणून त्याला विनोद सुचायचे.

जळवा, चिखल, डोक्याहून उंच गवत आणि धुके. आमचे दिवस असे जायचे. पण मला कोणी कधी आपटले नाही. उतारावर कारिको पाय तिरके टाकायचा, म्हणजे मी झुलू नये. मी झुलले की मागच्याचा तोल जातो. हे त्याला कोणी शिकवले नव्हते, आणि मला तर त्या खांद्याची इतकी सवय झाली की दुसऱ्या कोणी उचलले तर माझ्या कड्या कुरकुरायच्या.

टॅगर्टची एक घडीची खुर्ची होती, कापडी, ऐटबाज. मला तिचा हेवा वाटायचा. मी आपली ओझ्याची, ती मानाची. मग एके दिवशी वेलींच्या पुलावर खुर्ची नेणाऱ्याचा पाय घसरला. माणसाने वेल धरली आणि खुर्ची सोडली. नदीने ती गोल गोल फिरवत नेली. त्या नदीचे माझ्यावर फार उपकार आहेत.

कारण दुसऱ्याच दिवशी आम्ही ओरुवा खोऱ्यात उतरलो आणि तिथे तंटा उभा होता. खोऱ्याच्या मधोमध डोंगराची एक उंच धार आहे. तिच्यावर डोंगरी केवड्याचे बन आहे. त्याच्या फळातल्या बिया भाजून खायला इथली माणसे जीव टाकतात. मेंगा म्हणत बन आमच्या आज्यांनी लावले. तोकुल म्हणत लावले तुमच्यांनी, पण राखले आमच्यांनी. त्यापायी दोन्हीकडची माणसे मेली होती. टॅगर्टला बसायला काही नव्हते. त्याने इकडेतिकडे पाहिले, मला दोन्ही कुळांच्या मध्ये चिखलात ठेवायला लावले आणि माझ्यावर बसला. मी बुटकी. त्याचे गुडघे हनुवटीला लागले, पाय समोर पसरले, आणि हात ठेवायला दुसरी जागा नसल्याने ते गुडघ्यांवर राहिले.

त्याला ठाऊक नव्हते, पण तो अगदी बरोबर बसला होता. आमच्या खोऱ्यात राग पोटात राहतो असे मानतात. तो बोलून बाहेर काढला नाही तर पोटात कुजतो, माणूस आजारी पडतो, डुकरे मरतात. पण पोटातले बोलायचे ते कुणासमोर? ज्याचे हात आणि पाय दिसतात त्याच्यासमोर. हातपाय लपवून बसणारा माणूस मनात काहीतरी धरून आहे, चेटूक करतो आहे, असे इथे लहान पोरही सांगेल.

मेंगांकडून कारिको बोलायला उठला. पेटी उचलताना तो हमाल होता. आता आपल्या कुळाचा वक्ता झाला. तो बोलला, नाचला, रडला, जमिनीवर पाय आपटले. सूर्य डोक्यावर आला तरी बोलतच होता. शेवटी तो थांबल्यावर टॅगर्टने पेइमाला विचारले, "काय म्हणाला?"

"रागावलाय," पेइमा म्हणाला.

"अरे, तो सकाळपासून बोलतोय!"

"खूप रागावलाय."

टॅगर्टला दुसरे काही करता येत नव्हते, म्हणून तो ऐकत राहिला. मधे बोलला नाही, घाई केली नाही. दोन्हीकडचे लोक दिवस मावळेपर्यंत बोलले आणि पुन्हा सकाळी बोलू लागले. हळूहळू आवाज खाली आले. बन कुणाचे, राखण कुणाची, बिया कशा वाटायच्या, हे त्यांचे त्यांनाच सुचत गेले आणि टॅगर्ट फक्त मान हलवत गेला. अखेर कारिको पुढे आला, म्हणाला, "झालं. माझं पोट रिकामं झालं," आणि त्याने तळहात उघडून टॅगर्टच्या शेजारी माझ्या झाकणावर मारला.

मित्रांनो, प्रवासात माझ्यातला तांदूळ संपला होता, बाकीचे सामान बाहेर काढले होते. मीही रिकामी होते. मी अशी घुमले की झाडावरची पाखरे उडाली. सगळे दचकले. मग तोकुलांचा म्हातारा पुढारी उठला, त्यानेही तळहात मारला, आणि मी पुन्हा घुमले. लोक हसले. हद्दीवर तांबड्या पानांची झुडपे लावली गेली, खड्ड्यात तापल्या दगडांवर डुकरे वाफवली गेली, आणि बोलाचाली होऊन कारिकोची बहीण आमेने हिचे नोपाशी लग्न ठरले. मी मात्र जिथे होते तिथेच बसून होते. माझी छाती अभिमानाने भरून आली होती.

तेव्हापासून खोऱ्यात रीतच पडली. भांडण कुठलेही असो, निकाल झाला का हे विचारायचे तर लोक विचारत, "पेटी वाजली का?" वाजली तर झाला. टॅगर्टला ही आपली गंमत वाटायची. तो हसायचा आणि माझ्यावर बसायचा. पुढे त्याला दुसरी खुर्ची मिळाली, तीही चांगली होती. ती त्याने मिशनच्या शाळेला देऊन टाकली.

अशी कितीतरी वर्षे गेली. टॅगर्टला खोऱ्यातली बोली यायला लागली, केस पांढरे झाले, मोजे मात्र खालीच राहिले. त्याने खोऱ्यात रस्ता आणला. म्हणजे खणला लोकांनी, आणला त्याने. मग वरून हुकूम आला आणि आमचा कियाप जिल्ह्याचा मोठा अधिकारी झाला. शहरात कचेरी, बाहेर झेंडा, दाराशी पोलीस, आत काच लावलेले एवढे मोठे टेबल. मीही त्याच्याबरोबर गेले. काही दिवस खिडकीखाली होते. मग कोणीतरी माझ्यात जुनी रद्दी भरली. मग साहेबांच्या कचेरीत ही बरी दिसत नाही म्हणून मला गोदामात, मोडक्या खाटांच्या मागे सरकवले. गांधीलमाश्यांनी माझ्या कडीशी मातीचे घर बांधले. मला वाईट वाटले, हे लपवून काय करू? पण टॅगर्टवर मी रागावले नाही. त्याला दिवसभर माणसे भेटायला येत, त्याच्या बोलण्यावर दवाखाने उघडत आणि शाळा सुरू होत. त्याला मी आठवत नसेन, पण त्याचे पाय मला आठवत होते.

आणि मग केवड्याच्या बनाचा तंटा पुन्हा उठला. नवा रस्ता धारेखालून गेला होता. रस्त्याकडेच्या उतारावर तोकुलांनी कॉफी लावली. मेंगा म्हणाले, बनाखालचा उतारही बनाचाच. टॅगर्टने दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना, म्हणजे कारिकोला आणि नोपाला, गाडी पाठवून कचेरीत बोलावून घेतले. टेबलामागे बसून त्याने दोघांचे ऐकले आणि दुपारच्या जेवणाआधी निकाल दिला. बन मेंगांचे, उतार तोकुलांचा, कॉफी विकायला नेण्याची वाट दोघांची. निकाल चांगला होता. त्याने सही केली, हात मिळवले आणि चहा पाजला. त्याच्या दृष्टीने प्रकरण मिटले.

परतताना गाडीच्या मागच्या फळीवर शेजारी शेजारी बसून कारिकोने नोपाला विचारले, "दाजी, पेटी वाजली का?"

"नाही बुवा. मला पेटी दिसलीच नाही."

"मग हे काय होतं?"

"चहाला बोलावलं असेल. खरं ऐकायला येईल की तो, कियाप आहे."

आणि दोघे वाट पाहू लागले. टॅगर्ट समजत होता सगळे संपले. खोरे समजत होते अजून सुरूच व्हायचे आहे. बिया पिकल्या, तरी कियाप आला नाही. बोलायचे राहिलेले पोटात कुजू लागले. कोणीतरी कॉफीची रोपे उपटली. कोणीतरी दुसऱ्याचे डुक्कर मारले. मेंगांच्या एका तरुणाच्या मांडीत बाण घुसला. रस्त्यावरच्या पुलाचे ओंडके काढून टाकले गेले, आणि दोन्हीकडची माणसे काळा रंग फासून धारेवर जमू लागली. एका बाजूला कारिको पुढे, दुसऱ्या बाजूला नोपा.

आमेने तेव्हा शहराकडे चालू लागली. अजून कोणी मेले नव्हते, तरी तिने सुतकाचा पांढरा चिखल डोक्यापासून पायांपर्यंत फासला होता. तशीच ती कचेरीच्या पायऱ्या चढली. दारातला कारकून घाबरला.

"बाई, तुमच्याकडे कोण गेलं?"

"ते अजून ठरायचंय," आमेने म्हणाली. "भाऊ नाहीतर नवरा. साहेबालाच विचारायला आलेय."

टॅगर्ट बाहेर आला. त्याने तिला ओळखले. तिच्या अंगावरचा चिखल पाहून त्याचा चेहरा उतरला.

"आमेने, मी निकाल दिलाय. सही करून दिलाय."

"कसला निकाल? टेबलामागे बसला होतास तू. तुझे पाय दिसत नव्हते, हात कागदाखाली होते. अशा माणसाशी पोटातलं कोण बोलेल?"

"पण ते दोघं बोलले माझ्याशी!"

"तोंडानं बोलले. कियाप, तुझी पेटी कुठंय?"

शेजारी एक तरुण अधिकारी उभा होता. तो म्हणाला, बंदुका घेऊन पोलिसांची तुकडी पाठवू या, सगळे आपोआप घरी जातील. टॅगर्ट म्हणाला, "जातील. आणि आपण परत आलो की पुन्हा धारेवर जातील." मग तो स्वतः गोदामाकडे आला.

खाटा सरकवण्याचा आवाज मी ऐकला. मग त्याने माझ्या कडीला हात घातला आणि गांधीलमाश्यांनी त्याला कडकडून चावे घेतले. तो ओरडला, नाचला, पुन्हा आला. माझे झाकण उघडून त्याने रद्दी मूठमूठभर बाहेर फेकली. "इथं होतीस होय तू!" असे तो म्हणाला. मित्रांनो, विसरल्या गेलेल्या वस्तूला याहून गोड वाक्य कुठले असणार?

गाडी पुलापर्यंत गेली. ओंडके नव्हते. गाडीबरोबर आलेल्या पोलिसांना टॅगर्टने तिथेच थांबवले. म्हातारा पेइमा छत्री घेऊन आमच्याबरोबर आला, पण त्याच्या कंबरेला काही उचलणे जमणारे नव्हते. मग माझ्या कड्यांतून दांडा घातला गेला, पुढे आमेनेने खांदा दिला आणि मागे टॅगर्टने. इतकी वर्षे मी त्याचे सगळे वाहिले होते, आणि मला उचलण्याची त्याची ही पहिलीच वेळ! बायका आमच्याकडे पाठीवर झोळी नेतात, दांडा त्यांनी कधी खांद्यावर घेतला नव्हता. साहेब तर साहेबच. आम्ही नदी उतरून गेलो आणि धारेच्या चढाला लागलो. मी अशी झुलत होते की माझी मलाच भोवळ येत होती.

चढावर आम्ही दिसताच वरून दोन्हीकडून आरडाओरडा सुरू झाला. आधी आरोळ्या, मग हसणे.

"अरे बघा, बघा! कियाप हमाल झाला!"

"मोटार विकून खाल्लीस काय रे?"

टॅगर्टचा पाय घसरला, मी डाव्या अंगाला गेले आणि आमेने गुडघ्यावर आली. तेव्हा वरून एक ओळखीचा आवाज आला.

"अरे, पाय तिरका! पाय तिरका टाक! आपटशील तिला!"

तो कारिको होता. धनुष्य हातात, तोंडाला काळा रंग, डोक्याला पिसे. त्याने आणखी एकदा आम्हाला अडखळताना पाहिले आणि त्याला राहवेना. धनुष्य शेजारच्याच्या हातात कोंबून तो शिव्या देत धावत खाली आला, टॅगर्टला बाजूला ढकलले आणि मागचा दांडा आपल्या खांद्यावर घेतला. माझ्या कड्या गप्प झाल्या.

"दादा, नीट धर," आमेने पुढून म्हणाली.

"मला सांगतेस? तुझा जन्म व्हायच्या आधीपासून ओझी उचलतोय मी."

तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आले की आपण तोकुलांच्या बाणांच्या टप्प्यात निःशस्त्र उभे आहोत. तोकुलांच्या रांगेत एका तरुणाने धनुष्य ताणले. आमेने थांबली. दांडा न सोडता ती वळली आणि आपले चिखलाने माखलेले अंग तिने भावाच्या आणि त्या बाणाच्या मधे आणले.

रांगेतून नोपा पुढे आला. त्याने त्या तरुणाच्या धनुष्यावर हात ठेवून ते खाली दाबले. मग आपल्या बायकोकडे, तिच्या अंगावरच्या पांढऱ्या चिखलाकडे पाहत म्हणाला, "मी अजून मेलो नाही, बाई. आत्ताच कशाला माखून घेतलंस?"

"मग मरू नकोस," आमेने म्हणाली. "येऊन बस."

मला दोन्ही रांगांच्या मध्ये ठेवले. टॅगर्टने बूट काढले, मोजे काढले, माझ्यावर बसला, पाय समोर पसरले आणि हात गुडघ्यांवर ठेवले. त्याचे हात गांधीलमाश्यांनी सुजवले होते. "मी ऐकतो," एवढेच तो म्हणाला.

मग कारिको उठला. त्याने जी सुरुवात केली ती टॅगर्टपासूनच केली. तू मोठा झालास, आम्हाला विसरलास, चहा पाजून परत पाठवलेस! टॅगर्टला आता प्रत्येक शब्द कळत होता, तरी जुन्या सवयीने त्याने पेइमाकडे मान वळवली.

"काय म्हणतोय?"

"रागावलाय," पेइमा म्हणाला, आणि दोन्हीकडचे लोक खो खो हसले. मित्रांनो, त्या हसण्याने माझी अर्धी काळजी गेली.

बोलणे त्या दिवशी संपले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पाऊस आला, लोक केळीची पाने डोक्यावर धरून बोलत राहिले. शेवटी जे ठरले ते ऐकून टॅगर्टला हसावे की रडावे कळेना. बन मेंगांचे, उतार तोकुलांचा, वाट दोघांची. कागदावर होते तेच. पण आता ते त्यांच्या पोटातून निघाले होते.

कारिकोने तळहात मारला. मी घुमले. नोपाने मारला. मी घुमले. लोक उठणार तेवढ्यात आमेने पुढे आली आणि तिने हात वर उचलला. सगळे थबकले. बाईने पेटी वाजवण्याची रीत नव्हती. मागून कोणीतरी कुरकुरले.

कारिको त्या बाजूला न बघताच म्हणाला, "मारू दे तिला. मेलो असतो तर रडायचं तिलाच होतं."

तिचा ओला, चिखलाचा तळहात माझ्या झाकणावर पडला. पांढरी पाची बोटे उमटली. ती खूण पावसाने पुढे धुऊन नेली, पण मला ती अजून जाणवते.

टॅगर्टने त्यानंतरही कचेरीतले टेबल तसेच ठेवले, पण दर हंगामाला मला घेऊन तो खोऱ्यात येऊ लागला. गोदाम मी पुन्हा पाहिले नाही. मग काळ बदलला. देश स्वतंत्र होणार असे ठरले, आणि परक्या साहेबांनी आपापल्या घरी जायचे दिवस आले. टॅगर्ट मला आमेनेच्या हवाली करायला खोऱ्यात आला. "ही इथलीच आहे," तो म्हणाला. "मी नेली तर आत कपडे भरीन. त्यात तिचं काय भलं होणार?"

त्याला वाटले होते, मला ठेवावे, रताळी खावीत आणि निघावे. पण कारिकोने त्याची वाट अडवली.

"असा कसा जातोस? पोटात घेऊन जाणार का सगळं? आणि आमच्या पोटातलं कोण ऐकणार?"

लोक जमले. मला अंगणात मध्ये ठेवले. टॅगर्ट सवयीने माझ्यावर बसायला गेला, तर नोपाने त्याचा हात धरून त्याला खाली मातीत बसवले. माझ्यावर बसली आमेने. तिने पाय समोर पसरले आणि हात गुडघ्यांवर ठेवले.

कारिको बोलू लागला. या वेळी तो नाचला नाही. रस्त्याच्या कामावर आला नाही म्हणून एकदा टॅगर्टने त्याला कोठडीत टाकले होते. तो तिथे दगड फोडत असताना इकडे त्याची आई गेली. तिला माती द्यायला तो नव्हता. इतकी वर्षे त्याने मला वाहिले, टॅगर्टचा तांदूळ वाहिला, आणि हे पोटात ठेवले होते. मी त्याच्या खांद्यावर असताना मलाही त्याचा पत्ता नव्हता.

टॅगर्ट मातीत बसून ऐकत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होते. कारिकोचे बोलणे संपल्यावर तो म्हणाला, "मला हे माहीत नव्हतं. विचारायला हवं होतं. चुकलो मी, कारिको."

कारिकोने पुढे येऊन माझ्या झाकणावर तळहात मारला. "झालं," तो म्हणाला. "आता तू."

मित्रांनो, ज्याने सारे आयुष्य माझ्यावर बसून काढले, त्याने मला एकदाही वाजवले नव्हते. त्याने भीत भीत हात टेकवला. जेमतेम टप्प असा आवाज झाला.

"जोरात मार की!" नोपा ओरडला. "ती काय रडणारेय?"

मग त्याने मारला. मी इतकी मोठ्याने पुन्हा कधी घुमले नाही. कारिकोने त्याला उठवून मिठी मारली आणि त्या रात्री खाणे इतके झाले की दुसऱ्या दिवशी कोणालाच चालवेना.

तो गेला. पुढे त्याचे काय झाले, मला ठाऊक नाही. पण ज्या नदीने खुर्ची नेली, ज्या खांद्याने मला आपटू दिले नाही, ज्या काडीसारख्या पायांच्या माणसाने माझ्यावर बसून कान दिला आणि जाताना मातीत बसूनही दिला, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. माझे एकच मागणे आहे. तुमच्या घरीही अशी एखादी जुनी पेटी असेल. तिला रंग नका लावू, चालेल. कोंबड्या बसू द्या. पण तिच्यात नको ते भरून तिला कोपऱ्यात ढकलू नका. भरलेली पेटी घुमत नाही.

एवढ्यात पाहा, अंगणातले डुकराचे भांडण फार चढले आहे. कारिकोने काठी आपटली, नोपाने पाठ फिरवली. आमेने घरातून बाहेर आली आहे. ती आता हळू चालते. तिने कोंबडीला हुसकावले, माझ्यावर बसली, पाय समोर पसरले आणि सुरकुतलेले हात गुडघ्यांवर ठेवले.

"हं," ती दोघांना म्हणाली. "बोला आता."